मोज्याचं टोक

(पडद्यावर : लाल विटांची अरुंद गल्ली. कोपऱ्यावरच्या शेडमधून खडखडाट ऐकू येतोय.)

पायातला मोजा काढा, उलटा करा. बोटांपाशी एक आडवी शिवण दिसेल. तिच्याकडे नंतर येऊ.

हे इंग्लंडमधलं लेस्टर. स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरं, उच्चार नुसता ‘लेस्टर’. शहराचं पोट तेव्हा होजिअरीवर, म्हणजे विणलेल्या मोज्या-बनियनांवर चालायचं. 1941 मध्ये ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग आलं, पहिल्या वर्षी माणशी 66 कुपनं. विणकामाच्या कितीतरी कारखान्यांना सरकारने टाळं लावायला लावलं. माणसं आणि जागा युद्धाच्या कामाला हव्या होत्या. युद्ध 1945 ला संपलं, कुपनं मात्र मार्च 1949 पर्यंत चालली. तोवर लोकांच्या मोज्यांत मूळ लोकर कुठली आणि रफू कुठलं, हेच कळेनासं झालं असणार.

सेंट मार्गारेट्स वर्क्ससारखा अवाढव्य कारखाना याच शहरातला. पण आपण जाऊ या मागच्या गल्लीत. जुन्या इमारतीचा एखादा मजला भाड्याने घ्यायचा, मोठ्यांनी काढून टाकलेली चार-सहा मशीनं आणायची, की झाला कारखाना सुरू.

(पडद्यावर : सुई, अगदी जवळून.)

ही सुई नीट बघा. टोकाला आकडी, आकडीखाली इवलीशी जीभ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मॅथ्यू टाउनसेंड या लेस्टरच्याच माणसाने ती आणली. सुई वर जाते तसा जुना टाका जीभ उघडत तिच्याखाली घसरतो. आकडी नवा धागा पकडते. सुई खाली येताना तोच जुना टाका जिभेला ढकलून आकडीचं तोंड बंद करतो आणि वरून निसटून जातो. नवा टाका तयार! म्हणजे दार उघडणारा आणि लावणारा एकच, जाणारा पाहुणा. मला तर यापुढे अख्खं मशीन फिकं वाटतं.

तरी मशीनही कमी नव्हतं. शहरातल्याच बेंटली कंपनीच्या ‘कोमेट’मध्ये एकावर एक दोन सिलिंडर, म्हणजे कडेने सुया उभ्या धरणाऱ्या गोल नळ्या, आणि सुईला दोन्ही टोकांना आकड्या. सुलट टाक्याला सुई खालच्या सिलिंडरमध्ये, उलट टाक्याला वरच्या. टाच आली की गरगर फिरणं थांबायचं. निम्म्या सुया बाजूला बसायच्या, बाकीच्या पुढे-मागे हेलकावे घेत टाचेची वाटी विणायच्या. एका जरी सुईची जीभ वाकली, तरी मोजाभर उभी रेघ उसवत जायची. मग मेकॅनिकला हाक.

माल रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी सोर नदीत जायचं. नदी कधी कधी चक्क गुलाबी दिसायची.

हातांची टंचाई होतीच. पुढे पंजाब-गुजरातमधून माणसं आली, 1972 नंतर युगांडातून हाकललेली भारतीय कुटुंबंही.

(पडद्यावर : खिडकीपाशी बसलेली लिंकर, म्हणजे मोज्याचं टोक जोडणारी बाई.)

आता ती शिवण. मशीनमधून मोजा पडायचा तो टोकाला उघडाच. समोर गोल तबकडी, कडेने टोकदार काटे. लिंकर बाई एकेक टाका एकेका काट्यावर चढवायची, आधी वरच्या बाजूचे, मग त्याच काट्यांवर खालच्या बाजूचे. टाका चुकला तर तिथे भोक. तबकडी फिरत राहायची, सुई दोन्ही बाजू जोडत जायची. धरायला म्हणून जास्तीच्या विणलेल्या ओळी शेवटी उसवून टाकायच्या. मजुरी डझनावर. एक डझन जोड म्हणजे चोवीस टोकं.