काठी कुठल्या हातात?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय खुब्याबद्दल आणि मांडीबद्दल, म्हणजे हाडं कुठली, स्नायू कुठले, कोण काय काम करतं. हातातलं काम चालू ठेवा, पोळ्या लाटत असाल तर लाटा, फक्त मध्ये एकदा मी उभं राहायला सांगणारे तेव्हा तेवढा गॅस बारीक करा.

आधी दोन्ही हात कमरेवर ठेवा, आपला पंढरीचा विठोबा ठेवतो तसे. बोटांखाली हाडाची एक कड लागते ना, ती ओटीपोटाच्या हाडाची वरची कड. पुष्कळ लोकांना वाटतं हाच खुबा. नाही. आता हात बाजूबाजूनं खाली सरकवा, मांडी सुरू होते तिथं एक टणक उंचवटा लागेल, कुशीवर झोपलं की गादीत रुततो तो. पाय आत-बाहेर फिरवून बघा, हाताखाली हलतो. हा उंचवटा मांडीच्या हाडाचा. आणि खरा सांधा? तो अजून आत, जांघेच्या मागं, खोल. म्हणून खुब्याचा सांधा झिजला की दुखणं बहुतेकदा जांघेत येतं, कधी तर नुसत्या गुडघ्यातच येतं आणि माणूस बिचारा महिनोन्महिने गुडघ्याला तेल चोळत बसतो. परत सांगते, खुब्याचं दुखणं जांघेत.

मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात लांब हाड, आपल्या उंचीच्या साधारण पाव. म्हणजे पाच फूट चार इंचाच्या माणसाचं जवळपास सोळा इंच. त्याच्या वरच्या टोकाला एक गुळगुळीत गोळा असतो, तो ओटीपोटाच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतो, शाळेत उखळीचा सांधा शिकलो होतो तोच हा. पण गोळा हाडाच्या दांड्यावर सरळ ठेवलेला नसतो, तो एका तिरप्या मानेवर असतो, आणि दांडा आणि मान यांच्यात साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन असतो. ही मान लक्षात ठेवा. म्हातारी माणसं पडल्यावर मोडते ती बऱ्याचदा ही मान, आणि गोळ्याला जाणारं रक्त बरंचसं ह्याच मानेवरून जातं, म्हणून ते फ्रॅक्चर इतकं त्रासाचं.

आता स्नायू. मागचा मोठा, ज्याच्यावर आपण बसतो, तो ग्लुटिअस मॅक्सिमस. शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू, पण गंमत बघा, सपाट रस्त्यावर सावकाश चालताना तो फारसा कामाला येत नाही. जिना चढा, धावा, खाली बसून उठा, मग त्याची खरी ड्युटी. आणि ह्यावरून आठवलं म्हणून बोलते, हल्ली सगळ्यांच्या हॉलमध्ये ते खोल बुडणारे सोफे आलेत ना, मला अजिबात पटत नाहीत. आजीला त्यात बसवायचं आणि मग दोघांनी दंडाला धरून ओढून काढायचं, ह्यापेक्षा साधी लाकडी खुर्ची काय वाईट होती? असो.

आजचा हिरो मात्र तो मोठा स्नायू नाही. त्याच्या शेजारी, बाजूला, पँटचा खिसा असतो तिथं, ग्लुटिअस मिडियस नावाचा स्नायू आहे, आणि त्याच्याखाली धाकटा मिनिमस. ओटीपोटाच्या हाडापासून निघून मघाच्या त्या उंचवट्यावर येऊन चिकटतात. चला, आता उभे राहा. भिंतीजवळ, घाई नको. उजव्या हाताची बोटं उजव्या उंचवट्याच्या जरा वर टेकवा आणि डावा पाय उचला. हाताखाली काय कडक झालं? तोच मिडियस. तुम्ही उजव्या पायावर उभे, डावी बाजू अधांतरी, ती खाली पडायला बघते, आणि हा उजवीकडचा स्नायू तिला उचलून धरतो. प्रत्येक पावलाला, कारण चालणं म्हणजे काय, एकदा ह्या पायावर आणि एकदा त्या पायावर उभं राहणंच. हा स्नायू सांध्याच्या अगदी जवळून ओढतो आणि शरीराचं वजन मात्र लांबून खाली खेचतं, त्यामुळं त्याला वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर परत सांध्यावरच येतो. एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर आपल्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार पडतो. साठ किलोचा माणूस, तर दीडशे किलोच्या वरच धरा. स्नायू कमजोर असला की दुसरी बाजू खाली झुकते, १८९५ मध्ये ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जननं हे नीट मांडलं, आम्ही फिजिओथेरपिस्ट आजही त्याच्याच नावाची टेस्ट करतो. बसा आता.

हे सगळं ज्यासाठी सांगितलं ती गोष्ट आता सांगते. आमच्या घरातले म्हणतात तू कुठल्याही विषयावर बोलायला लागलीस की वस्तादांवर येतेस. येते, काय करू.

कोल्हापुरात आमच्या पेठेत एक वस्ताद होते. तरुणपणी खासबागेत कुस्त्या मारलेले, म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात, कान मोडलेले, मिशी पांढरी पण पीळ तोच. सत्तरी ओलांडलेली आणि उजवा खुबा पार झिजलेला. मी तेव्हा नुकती फिजिओथेरपी करून परत आले होते, आणि फिजिओ म्हणजे मालिशवाली हे आमच्या गल्लीचं ठाम मत होतं (अजूनही आहे, त्यावर एकदा वेगळं भाषण देईन म्हणते). तर वस्ताद रोज संध्याकाळी गंगावेशीकडून दूध घेऊन यायचे. उजव्या हातात काठी, डाव्या हातात दुधाची किटली, आणि चाल अशी की उजवा पाय टेकला की सगळं अंग उजवीकडं झोकून द्यायचं, मग परत सरळ, मग परत झोकायचं. लांबून बघितलं तरी कळायचं वस्ताद येतायत.

एकदा न राहवून मी कट्ट्यावर त्यांना गाठलं आणि म्हटलं, वस्ताद, काठी डाव्या हातात धरा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जणू आखाड्यात चपला घालून गेले. म्हणाले, "आगं पोरी, दुखतंय ह्या अंगाला आणि काठी त्या अंगाला? भित ज्या अंगाला कलत्या त्याच अंगाला टेकू लावत्यात न्हवं?" कट्ट्यावरची सगळी पोरं हसली. आणि खरं सांगते, ऐकायला ते इतकं बरोबर वाटतं ना, की शंभरातले बरेच जण आजही काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात. सिनेमातसुद्धा लंगडणारा माणूस काठी चुकीच्याच हातात धरतो, मी बघत बसते आणि आमचे हे म्हणतात गप्प बस, पिक्चर बघू दे.

मी सांध्यापासूनचं अंतर, स्नायूचा जोर, सगळं सांगून बघितलं. वस्तादांनी मिशीला पीळ दिला, म्हणजे विषय संपला. मग मी म्हटलं काठी राहू दे, किटलीचं बघू. आज जरा पिंपळापर्यंत काठीशिवाय चालून दाखवा, एकदा किटली डाव्या हातात, एकदा उजव्या. दोन पोरं दोन्ही बाजूंना उभी केली, पडले तर धरायला. वस्ताद निघाले. डाव्या हातात किटली घेऊन गेले ते दात ओठ खात गेले. येताना किटली उजव्या हातात, म्हणजे दुखऱ्या बाजूला, आणि मध्येच थांबले. किटलीत वाकून बघितलं! त्यांना वाटलं पोरांनी दूध सांडलं की काय, हलकं कसं लागतंय. दूध तेवढंच होतं. मग त्यांनी एका पोराला तालमीतनं बादली भरून आणायला लावली, कारण वस्तादांचा किटलीवर विश्वास नव्हता, आणि बादलीनं परत तेच केलं. डाव्या हातात बादली, उजव्या खुब्यात कळ. उजव्या हातात बादली, कळ कमी.

बसले कट्ट्यावर. बराच वेळ काही बोलले नाहीत. आणि मग एकदम एका पोराला म्हणाले, "ऊठ रं, एकेरी पट काढ ह्याचा." दुसऱ्या पोराचा डावा पाय पहिल्यानं धरून उचलला. वस्ताद म्हणाले, "आता गडी कुठं पडंल?" पोरं म्हणाली, डाव्या अंगाला, ज्या अंगाचा पाय उचललाय त्या अंगाला. "मग हाताला धरून वाचवायचा म्हटला तर कुठल्या हाताला धरशील?" डाव्या! आणि वस्ताद माझ्याकडं वळून म्हणाले, "आगं मग असं सांगायचं की! उजव्या पायावं हुबा ऱ्हायलो की मी डावीकडं पडतोय. मग टेकू डावीकडंच पायजे. ते अंतर आन फिंतर काय सांगत बसलीस?"

मंडळी, ह्यापेक्षा चांगलं मी आजवर कुणाला समजावून सांगू शकलेले नाही. उजवा खुबा दुखतोय तर काठी डाव्या हातात, आणि काठी पुढं टाकायची ती दुखऱ्या पायाबरोबरच. काठी सांध्यापासून लांब असते, म्हणून हाताचा थोडासा दाबसुद्धा त्या बिचाऱ्या मिडियसचं पुष्कळ काम वाचवतो, स्नायूचा जोर कमी, म्हणून सांध्यावरचा भार कमी. आणि पिशवी, किटली, काही उचलायचंच असेल तर दुखऱ्या बाजूच्या हातात. काठी चांगल्या बाजूला, पिशवी दुखऱ्या बाजूला.

वस्तादांनी हात बदलला, पण एक भानगड राहिली. वाटेत दुसऱ्या तालमीचा कट्टा लागायचा, तिथं त्यांचा जुना जोडीदार बसायचा, ज्याच्याशी म्हणे त्यांची कुस्ती कधी निकाली झालीच नव्हती. तो कट्टा आला की वस्ताद काठी काखेत मारायचे आणि ताठ चालत जायचे, आणि रात्री बाम मागायचे. हे कितीतरी दिवस चाललं. मग एका संध्याकाळी तो जोडीदारच समोरून काठी टेकत आला, त्याचा खुबा गेलेला डावा, आणि काठीही डाव्याच हातात. वस्ताद भर रस्त्यात रिक्षा थांबवून ओरडले, "आरं ए! हात बदल!" आणि तिथंच रस्त्यावर त्याला एकेरी पटाचं सगळं समजावलं, मागं हॉर्न वाजतायत आणि हे दोघं म्हातारे एकमेकाला धरून एका पायावर उभे.

पुढं वस्तादांचा सांधा बदलला. हे ऑपरेशन आज आपल्याकडं सर्रास होतं, त्याची आजची पद्धत बसवली ती इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी, १९६० च्या दशकात. धातूचा गोळा, प्लॅस्टिकची वाटी. ऑपरेशननंतर मांडी घालून आणि उकिडवं कधी बसायचं, बसायचं की नाही, हे तुमच्या सर्जनना विचारा, शेजारच्यांना विचारू नका.

अरे बापरे, घड्याळ बघा. मांडीचे स्नायू राहिलेच. पटकन सांगते. पुढचे चार, क्वाड्रिसेप्स, गुडघा सरळ करणारे, बैठका मारल्यावर दुसऱ्या दिवशी ओरडतात ते. मागचे तीन, हॅमस्ट्रिंग, गुडघा वाकवणारे, धावताना झटकन भरतात. आतल्या बाजूचे अॅडक्टर, मल्लखांबावर मांडीची पकड लागते ती ह्यांची. आणि पुढून तिरपा जाणारा सार्टोरिअस, ओटीपोटाच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत, शरीरातला सगळ्यात लांब स्नायू, जेवायला मांडी घालून बसतो तेव्हा पाय वळवायला हा मदत करतो. जिममधली पोरं नुसती छाती आणि दंड फुगवतात आणि खाली बघितलं तर हरभऱ्याच्या काड्या, त्यांना कुणीतरी सांगा की मांडीही शरीरातच येते.

एक महत्त्वाचं मात्र घाई न करता सांगते. घरातलं म्हातारं माणूस पडलं, जांघेत दुखतंय म्हणतंय, पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलंय, तर ती मान मोडलेली असू शकते. उभं करू नका, चालवून बघू नका, चोळू तर अजिबात नका. पाय आहे तसा राहू द्या आणि ॲम्ब्युलन्स बोलवा, १०८ नंबर. परत सांगते, पाय आखूड, पाऊल बाहेर वळलेलं, उभं करायचं नाही. आणि बाथरूममध्ये त्या चकचकीत टाइल्स बसवणाऱ्यांनी आमच्या धंद्याला फार हातभार लावलाय बरं का, जुनी खरबरीत शहाबादी दिसायला नव्हती चांगली, पण निदान पाय धरून ठेवायची.

काठी घ्यायला जाल तेव्हा नेहमीची चप्पल घालून सरळ उभे राहा, हात मोकळा सोडा, काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. खालचं रबरी बूच झिजलं की बदला. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली.

पुढच्या वेळी गुडघा. मला सांगितलंय की वस्तादांना आणायचं नाही. नमस्कार.