अझासायटिडिन खुणा पुसत नाही: पीटर जोन्स यांचे संशोधन आणि तुमचे प्रश्न

नमस्कार. डीएनए मिथिलेशनवरचा मागचा व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो आहे. कर्करोगात जनुकांवर मिथिलच्या खुणा चढून ती बंद पडत असतील, तर त्या खुणा पुसणारे औषध आहे का? काही जणांनी अझासायटिडिन हे नावही शोधून आणले आहे आणि ‘हे औषध मिथिलेशन पुसते’ असे ठामपणे लिहून टाकले आहे. ते पुसत नाही. ते काय करते हे समजून घ्यायचे असेल, तर पीटर जोन्स या शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीकडे पाहावे लागते, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलणार आहे.

पाया झटपट सांगतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनच्या पाचव्या कार्बनवर मिथिल गट हा छोटासा रासायनिक गट बसतो, यालाच मिथिलेशन म्हणतात. माणसात तो बहुधा जिथे सायटोसिनच्या लगेच पुढे ग्वानिन येते तिथे बसतो, आणि जनुकाच्या सुरुवातीच्या भागात अशा खुणांची दाटी झाली की ते जनुक सहसा गप्प होते. अक्षरांचा क्रम मात्र बदलत नाही. पुढचे सारे समजायला एवढे पुरेसे आहे.

जोन्स यांचा जन्म १९४७ चा, केप टाउनचा. लहानपण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत गेले, डॉक्टरेट लंडनला झाली आणि पुढची बहुतेक कारकीर्द अमेरिकेत घडली. १९७० च्या दशकात त्यांच्यापुढे असलेला प्रश्न मिथिलेशनचा नव्हताच. कर्करोगावर दिली जाणारी औषधे स्वतःच निरोगी पेशींना कर्करोगाकडे ढकलतात का, हे त्यांना तपासायचे होते. त्यासाठी उंदराच्या भ्रूणापासून मिळवलेल्या, १०टी१/२ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी त्यांनी वापरल्या आणि त्यांच्यावर एकेक औषध घालून पाहिले. त्यांतले एक होते ५-अझासायटिडिन. ते १९६४ मध्ये प्रागमध्ये तयार झाले होते आणि तोवर केवळ पेशी मारणारे विषारी औषध म्हणूनच ओळखले जात होते.

औषध दिल्यानंतर लगेच काहीच विशेष घडले नाही. काही दिवस गेले, आणि मग बशीत लांबट, नळीसारख्या, एकाच आवरणात अनेक केंद्रके असलेल्या पेशी दिसू लागल्या. त्या स्नायूच्या पेशी होत्या, त्यांच्यात स्नायूंचे आडवे पट्टे होते आणि त्या आकुंचनही पावत होत्या. स्नायूशी काडीचा संबंध नसलेल्या पेशींतून, डीएनएचे एकही अक्षर मुद्दाम न बदलता, स्नायू तयार झाला होता. हे निरीक्षण १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७९ मध्ये शर्ली टेलर यांच्याबरोबर केलेल्या कामात त्याच पेशींतून चरबीच्या आणि कूर्चेच्या पेशीही मिळाल्या.

१९८० चा त्यांचा शोधनिबंध मला सर्वांत जास्त आवडतो, कारण त्यातली तुलना अतिशय चोख आहे. सायटिडिनसारखी, म्हणजे साखर जोडलेल्या सायटोसिनसारखी दिसणारी अनेक रसायने त्यांनी शेजारी शेजारी तपासली. ज्यांच्यात पाचव्या जागी बदल होता, त्यांनी मिथिलेशन रोखले आणि स्नायूही घडवला. बदल दुसऱ्या जागी असलेल्या ६-अझासायटिडिनने किंवा सायटाराबिनने यांतले काहीच केले नाही. पाचवी जागा ही मिथिल बसण्याचीच जागा आहे, त्यामुळे संशयाला फारशी वाव उरली नाही. मात्र त्या निबंधातला आणखी एक मुद्दा बहुतेक लोक वाचतच नाहीत: औषधाने रोखले ते नव्याने तयार होणाऱ्या डीएनएचे मिथिलेशन. आजचा सगळा वाद या ‘नव्याने’मध्ये आहे.

हा मुद्दा पहिल्यांदा रसायनाच्या बाजूने पाहू. अझासायटिडिनच्या रेणूत पाचव्या जागी कार्बनऐवजी नायट्रोजन असतो. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएचे दोन धागे सुटे करून प्रत्येकासमोर नवा धागा रचते, म्हणजे डीएनएची प्रत काढते, तेव्हा हा नकली सायटोसिन नव्या धाग्यात बसवला जातो. मग डीएनएमटी१ नावाचे एन्झाइम येते. जुन्या धाग्यावर जिथे खूण आहे, तिथे समोरच्या नव्या धाग्यावरही खूण उमटवायची, एवढेच त्याचे काम. नकली अक्षरापाशी ते काम सुरू करते, पण पाचव्या जागी नायट्रोजन असल्यामुळे त्याला सुटता येत नाही आणि ते तिथेच रासायनिक बंधाने अडकून पडते. पेशी मग अडकलेले एन्झाइम मोडीत काढते, आणि पेशीतला डीएनएमटी१ चा साठाच आटतो. या सबंध घटनेत जुन्या धाग्यावरच्या एकाही खुणेला धक्का लागलेला नाही, हे लक्षात घ्या.

तरीही कुणी ‘म्हणजे पुसलेच ना’ असे लिहीलच, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जुन्या पोथ्या पाहिल्या असतील, तर चुकलेल्या अक्षरावर फासलेला पिवळा हरताळ तुम्हाला आठवेल. समजा, एक लेखनिक पोथीची नक्कल करतो आहे आणि समासातल्या खुणा नव्या प्रतीवर उतरवण्यासाठी दुसरा माणूस बसवला आहे. अझासायटिडिन मूळ पोथीवर हरताळ फासत नाही. ते खुणा उतरवणाऱ्या माणसाला नव्या प्रतीच्या पानाला चिकटवून ठेवते. मूळ पोथी खुणांसकट शाबूत राहते आणि नवी प्रत खुणांविना तयार होते. पुढची नक्कल त्या नव्या प्रतीवरून झाली, तर तिच्यात खुणा येणार तरी कुठून?

तिसरी बाजू रुग्णाची आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, ज्याला डॉक्टर एमडीएस म्हणतात, त्या अस्थिमज्जेच्या विकारासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये अझासायटिडिनला मान्यता दिली आणि २००६ मध्ये त्याच्या भावंडाला, डेसिटाबिनला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३५८ रुग्णांवरच्या चाचणीत जास्त जोखमीच्या एमडीएसमध्ये अझासायटिडिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान २४.५ महिने होते आणि तेव्हाचे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे १५ महिने. एवढा फरक पडायला मात्र धीर लागतो. साधारण २८ दिवसांच्या चक्रात सात दिवस इंजेक्शन, आणि परिणाम जोखायचा तो चार ते सहा चक्रांनंतर. आमच्या नात्यातल्या एका आजोबांचे उपचार इथेच, पुण्यात चालू होते. दुसऱ्या चक्रानंतर रक्तातल्या पेशींचे आकडे सुधारण्याऐवजी खाली गेले, तेव्हा घरात ‘औषध लागू पडत नाही, बंद करू या’ अशी बोलणी सुरू झाली. त्यांच्या रक्तरोगतज्ज्ञांनी शांतपणे समजावले की आकडे सुरुवातीला घसरणे अपेक्षितच असते आणि या औषधाचा निकाल इतक्या लवकर लावता येत नाही. जे औषध पेशी विभागल्याशिवाय आपले काम करूच शकत नाही, त्याला पेशींच्या पिढ्या उलटण्याइतका वेळ द्यावाच लागतो.

मात्रेचेही तसेच आहे. ‘जास्त डोस दिला तर लवकर परिणाम होईल का’ असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की मोठ्या मात्रेत हे औषध पेशी सरळ मारते, आणि मेलेली पेशी विभागत नाही. अनेक वर्षे ते त्याच पद्धतीने, सोसवेल तेवढ्या मोठ्या मात्रेत वापरले गेले. मात्रा कमी करून पेशीला जिवंत ठेवायचे आणि खुणांची नक्कल तेवढी बिघडवायची, हा विचार रुजायला प्रागच्या त्या प्रयोगशाळेपासून चार दशके लागली. जोन्स आणि त्यांचे सहकारी स्टीफन बेलिन यांनी या विचाराचा पाठपुरावा सातत्याने केला.

पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या एका विद्यार्थिनीने लिहिले आहे की अझासायटिडिनचा बराचसा भाग डीएनएत नव्हे, आरएनएत जातो. अगदी बरोबर आहे. थोडाच भाग रूपांतर होऊन डीएनएपर्यंत पोहोचतो, तर डेसिटाबिन थेट डीएनएत जाते. इतक्या अभ्यासू प्रतिक्रिया आल्या की बरे वाटते.

आता ज्या प्रतिक्रियांनी बरे वाटत नाही, त्यांच्याकडे वळतो. ‘मिथिलेशन वाढवणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिराती खाली चिकटवणे कृपया थांबवा. मिथिलेशन म्हणजे हिमोग्लोबिनसारखा एकच आकडा नाही की तो वाढला म्हणजे चांगले झाले. १९८३ मध्ये अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी दाखवले की गाठीतल्या पेशींत काही जनुकांवरचे मिथिलेशन शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा कमी होते. नंतर त्याच कर्करोगांत पी१६ सारखी गाठीला आवर घालणारी जनुके मिथिलेशन वाढल्यामुळे बंद पडलेली सापडली. एकाच पेशीत एका जागी कमी आणि दुसऱ्या जागी जास्त, तर गोळी नेमके काय वाढवणार आहे? मिथिल गट पुरवणाऱ्या साखळीत फोलेट आणि बी१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात, हे खरे आहे. पण आपल्याच रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला आहे, त्यात २००८ मध्ये काय दिसले तेही वाचा. गरोदरपणात बी१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वांत जास्त होता. डॉक्टरांनी गरोदरपणात दिलेली फोलिक अॅसिडची गोळी यामुळे कुणी बंद करू नये, ती गर्भाच्या मज्जारज्जूसाठी आवश्यकच असते. मी बोलतो आहे ते मनाने घेतलेल्या गोळ्यांच्या डब्यांबद्दल.

खुणा खरोखर उतरवण्याची यंत्रणा पेशीत आहे का, असा पुढचा प्रश्न येतोच. आहे. टेट नावाची एन्झाइम मिथिल गटाचे ऑक्सिडीकरण करून तो काढण्याची वाट मोकळी करतात, आणि त्यांना क जीवनसत्त्वाची मदत होते. जोन्स यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये कर्करोगाच्या पेशींना कमी मात्रेतले डेसिटाबिन आणि शरीरात स्वाभाविकपणे असते तेवढेच क जीवनसत्त्व एकत्र दिले. तेव्हा आपल्या डीएनएत दडपून ठेवलेले प्राचीन विषाणूंचे अवशेष अधिक जोराने जागे झाले आणि पेशीने विषाणूची लागण झाल्यासारखा बचाव सुरू केला. हे सांगितले की आवळ्याच्या रसाबद्दल विचारणा होणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो: तो प्रयोग बशीतल्या पेशींवरचा होता, जोडीला औषध होते, आणि आवळ्याचा रस हा औषधाला पर्याय नाही.

शेवटचा प्रश्न धायरीहून आला आहे: हेच औषध फुप्फुसाच्या किंवा आतड्याच्या गाठींवर का चालत नाही? एक मोठे कारण पुन्हा तेच आहे. घट्ट गाठीतल्या पुष्कळ पेशी कोणत्याही एका दिवशी प्रत काढत नसतात, आणि रक्तातले सायटिडिन डिअॅमिनेज हे एन्झाइम औषध फार लवकर मोडून टाकते. ते इतक्या लवकर मोडू नये म्हणून डेसिटाबिनला डीएनएचाच दुसरा एक घटक जोडून ग्वाडेसिटाबिन हे औषध तयार झाले. त्यामागच्या कामात जोन्स यांच्या प्रयोगशाळेचाही वाटा होता. पण रक्ताच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत ते नेहमीच्या उपचारांपेक्षा आयुष्य वाढवू शकले नाही. दुसरी वाट त्या एन्झाइमलाच अडवण्याची होती, आणि डेसिटाबिनबरोबर सेडाझुरिडिन घातलेल्या गोळीला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. इंजेक्शनसाठी रुग्णालयात जाणे त्यामुळे टळते. वेळापत्रक मात्र २८ दिवसांचेच आहे, पाच दिवस गोळी आणि मग विश्रांती, कारण रक्तपेशींना सावरायला आणि पुढची विभाजने व्हायला लागणारा वेळ गोळीने कमी होत नाही.