अंतरपाट हिरवा झाला तेव्हा

लग्नांच्या व्हिडिओंचे संकलन हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे सुरुवात मी एका लग्नापासूनच करतो. काम जवळजवळ संपत आले होते. रात्री संगणक बंद करताना सॉफ्टवेअरने अपडेटविषयी विचारले आणि मी झोपेत होकार देऊन मोकळा झालो. सकाळी टाइमलाइन, म्हणजे तुकडे ओळीने लावलेली पट्टी, चालवून पाहिली, तर मंगलाष्टके स्पष्ट ऐकू येत होती, पण अंतरपाट दूर होतो नेमक्या त्या क्षणी सारा पडदा हिरवागार होत होता. वाजंत्री, टाळ्या, भटजींचा आवाज सगळे जागच्या जागी होते. चित्र तेवढे नाहीसे झाले होते.

घाबरलेला माणूस करतो तेच मी केले, म्हणजे सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले. त्यात तास गेला आणि हिरवा तो हिरवाच राहिला. मग शांतपणे पाहिल्यावर ध्यानात आले की दोन्ही कॅमेऱ्यांचे फुटेज व्यवस्थित चालते आहे आणि नवरीच्या भावाने मोबाइलवर टिपलेले तुकडेच तेवढे बिघडले आहेत. व्हिडिओ आकुंचित करून साठवण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात; कॅमेऱ्यांचे फुटेज एच.२६४ या कोडेकमध्ये होते, मोबाइलचे एच.२६५ मध्ये. म्हणजे दोष साऱ्या सॉफ्टवेअरचा नसून, एका कोडेकचे डीकोडिंग, म्हणजे साठवलेल्या फाइलीतून पुन्हा चित्र उलगडणे, ग्राफिक्स कार्डाकडून करून घेण्याच्या व्यवस्थेत होता. प्रेफरन्सेसमधली हार्डवेअर डीकोडिंगची खूण काढली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि नवरानवरी दिसू लागली. पुढे कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, नवा टाकल्यावर ती खूण परत लावताही आली.

म्हणून, सगळेच बिघडले आहे की काहीच भाग बिघडला आहे, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो. एक कोरा प्रोजेक्ट उघडावा आणि त्यात तीच क्लिप टाकून पाहावी. तिथे ती नीट चालली, तर संशय जुन्या प्रोजेक्टवर, त्यातल्या एखाद्या इफेक्टवर किंवा कॅशवर, म्हणजे सॉफ्टवेअरने वेग वाढवण्यासाठी साठवलेल्या तात्पुरत्या फाइलींवर, घ्यावा. तिथेही अडली, तर ड्रायव्हर, प्लगइन (सॉफ्टवेअरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) आणि प्रेफरन्सेस यांच्याकडे वळावे. कॅश पुसायला लोक उगाच भितात. प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मीडिया कॅशमध्ये आवाजाचे आलेख आणि तत्सम तयार करून ठेवलेल्या फाइली असतात, मूळ चित्रीकरण नसते. पुसल्यावर त्या पुन्हा तयार होतात आणि प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडायला काय तो जास्त वेळ लागतो.

प्लगइनच्या बाबतीत एकेक तपासत बसू नये. सगळे फोल्डरबाहेर काढावेत, निम्मे परत ठेवावेत आणि दोष ज्या निम्म्यात दिसेल त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. सोळांपैकी एकच दोषी असेल, तर तो चौथ्या फेरीत सापडतो. मात्र एका वेळी एकच बदल करावा. यूट्यूबवर पाहिलेले दहा उपाय एका दमात केले, की दुखणे गेले तरी कशाने गेले ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला तीच वरात पुन्हा निघते.

आता ज्या गोष्टीने खरे नुकसान होते तिच्याकडे येतो. प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत जातो तो बहुधा एकेरी वाटेने. प्रीमियर प्रोच्या नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुनीत उघडत नाही, आणि दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या संकलन सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट लायब्ररी (सगळे प्रोजेक्ट एकत्र साठवणारा संग्रह) एकदा वरच्या आवृत्तीला नेली, की मागची आवृत्ती तिला ओळखत नाही. २०११ साली अ‍ॅपलचे फायनल कट प्रो टेन हे संकलन सॉफ्टवेअर आले तेव्हा तर त्यात आधीच्या फायनल कटचे प्रोजेक्टच उघडत नव्हते. एक्सएमएल, म्हणजे संकलनाची यादी मजकुराच्या रूपात देणारी फाइल, काढून जुन्या आवृत्तीत उतरता येते, पण कापलेले तुकडे येतात आणि शीर्षके, इफेक्ट, रंगकाम यांतले बरेचसे वाटेत गळते; मी त्याला आग लागलेल्या घरातून भांडी बाहेर काढणे म्हणतो. त्यामुळे अपडेटला होकार देण्यापूर्वी रिझॉल्व्हमध्ये लायब्ररीचा बॅकअप घ्यावा, प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि नव्या आवृत्तीत ती प्रत उघडावी, मूळ फाइल नव्हे.

परत फिरायचे तर जुनी आवृत्ती जागेवर असली पाहिजे. प्रीमियर ज्यातून बसवतात त्या अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड अ‍ॅपमध्ये अपडेट करताना मागील आवृत्त्या काढून टाकण्याचा एक पर्याय प्रगत पर्यायांत असतो; हातातले काम ग्राहकाला देईपर्यंत त्याच्यासमोर खूण नसावी.