उघडं दार

(दृश्य: केडगाव स्टेशन, सकाळ. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी थांबते.)

केडगावात उतरून पंडिता रमाबाईंची संस्था ‘मुक्ती’ कुठं असं विचारा, वाट दाखवणारा लगेच भेटेल. पण ही गोष्ट सुरू होते पुण्यात, एका खोलीच्या दाराशी.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. बाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या. पण सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं. मुली आपलं सोवळं-ओवळं, उपासतापास पाळायच्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार लावून घ्यायच्या नाहीत, एवढंच. हळूहळू मुली आत येऊन बसू लागल्या.

पुणं पेटलं! ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालक आले, मुलींना घेऊन गेले. टीका अगदीच हवेतली नव्हती, हेही सांगायला हवं. पुढं काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाच. आणि गंमत बघा, तिकडं काही मिशनरी मंडळींची तक्रार उलटी: बाई बायबल का शिकवत नाहीत?

रमाबाईंनी दार लावलं नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेलेले. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मध्य प्रांतात जाऊन त्या तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. प्लेगमुळं पुण्यात ठेवायची सोय नाही. मग केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांना उतरवलं. तीच ‘मुक्ती’. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर आकडा दोन हजारांच्या घरात गेला. शेती, विणकाम, अंध मुलींना ब्रेल. आणि छापखाना.

(दृश्य: छपाईच्या जुन्या खिळ्यांची, म्हणजे धातूच्या अक्षरांची पेटी, जवळून.)

हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाई साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या. त्यात ख्रिस्ती प्रेषित पौलाचं गलतीकरांना पत्र येतं: चांगलं करताना थकू नका, खचला नाहीत तर वेळेवर कापणी होईल.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. बायबल पुरं छापून निघालं १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवायला तिथल्याच बायका. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. पौलाचं ते वाक्यही त्यांनी आधी उलटंच वाचलं असणार.