तीन आठवड्यांचं पिल्लू

हे कोंबडीचं पिल्लू तीन आठवड्यांचं आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला बघा, कातडी सरकलीये आणि खाली लालभडक दिसतंय, करंगळीच्या नखाएवढा भाग असेल. झालं असं की हे चुकून दुसऱ्या कोंबडीच्या पिल्लांमध्ये शिरलं, आणि पिल्लंवाली कोंबडी परकं पिल्लू सहसा खपवून घेत नाही, तिने दोन-तीन टोचे मारले, पिल्लू पडलं, पायाला पण मार बसला, रक्त आलं आणि मग बाकीच्यांनी पण टोचायला सुरुवात केली. लाल रंग कोंबड्यांच्या लगेच डोळ्यात भरतो, एकदा रक्त दिसलं की त्या टोचतच राहतात. त्यामुळे आधी पिल्लू उचलून बाजूला घ्यायचं, लगेच. जरा वेळाने बघू म्हटलं तर तोवर उशीर झालेला असतो.

उचलायचं कसं ते पण नीट बघून ठेवा. आपल्या पोटात जसा श्वासाचा पडदा असतो तसा कोंबडीला नसतो, छातीचं हाड खाली-वर हललं तरच तिच्या आत हवा जाते. मुठीत घट्ट आवळलं की पिल्लू धड ओरडू पण शकत नाही, आतल्या आत गुदमरतं. म्हणून खाली तळहात, पाठीवर बोटं अगदी हलकी, छाती मोकळी.

आता सगळ्यांचं लक्ष जखमेकडे जातं. माझंही जायचं. मागे एका पिल्लाच्या वेळी मी अर्धा तास जखम धूत बसले होते, जखम एकदम स्वच्छ झाली आणि पिल्लू गारठून गेलं. ते मी अजून विसरले नाहीये. मार लागलेलं पिल्लू पटकन थंड पडतं आणि अंग थंड पडलं की ना पाणी पिणं जमतं ना खाणं पचतं. म्हणून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून ते थांबवायचं, आणि लगेच ऊब, बाकी सगळं नंतर.

हा साधा पुठ्ठ्याचा खोका आहे, आत जुना टॉवेल. खाली नुसता पेपर घालू नका, पाय घसरतात आणि इथे तर आधीच एक पाय दुखावलेला आहे. बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला, म्हणजे गरम झालं तर त्याला स्वतःहून लांब सरकता येतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं, म्हणजे या वयाला २८ च्या आसपास पुरतं, पण हे आजारी आहे म्हणून मी परत ३२ वर नेलं. थर्मामीटर नसेल तरी पिल्लू सांगतं, बल्बखाली अंग चोरून जोरजोरात चिवचिव म्हणजे थंडी वाजतेय, चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब म्हणजे गरम होतंय. आणि बल्ब पक्का बांधा, नुसता वायरवर लोंबकळत ठेवू नका, तो टॉवेलवर पडला तर आग लागू शकते.

तासाभराने डोळे उघडले. मग पाणी. इथे फार जणांची चूक होते, चोच उघडून ड्रॉपरने पाणी आत सोडतात. पिल्लाच्या जिभेच्या मागे लगेच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी थेट फुफ्फुसात जाऊ शकतं. त्यापेक्षा चोचीच्या कडेला एक थेंब लावा आणि थांबा. हे बघा, थेंब आत ओढला, मान वर केली, गिळला. आता दुसरा. कोमट पाण्यात किंचित साखर घातलीये, फक्त पहिले काही तास, नंतर साधं पाणी. वीस मिनिटं गेली यात. पण तिसऱ्या-चौथ्या थेंबाला पिल्लू स्वतः चोच पुढे करतं ना, तेव्हा इतकं बरं वाटतं की काय सांगू.

आणि आता जखम. १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, उकळून कोमट केलेलं, सुई काढलेल्या सिरिंजने हळूहळू वरून सोडायचं, घासायचं नाही. मग पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखमेवर लावायचं जंतुनाशक, तेही फिक्या चहाच्या रंगाएवढं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज रोज लावू नका, नवीन येणारी कातडीच जळते त्याने. जखम बधिर करणारं मलम तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच, एवढ्याशा जिवाला ते विषासारखं लागू शकतं. हाड दिसत असेल, कातडीचा मोठा तुकडा लोंबत असेल किंवा मांजराने धरलेलं असेल तर घरी प्रयोग करत बसू नका, सरळ डॉक्टर. मांजराच्या दाताची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत जंतू गेलेले असतात. माश्या पण सांभाळा, उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या होतात, म्हणून खोक्यावर ही बारीक जाळी.

दुसऱ्या दिवशी पिसं बाजूला केली तर मांडी हिरवी. शेवाळ्यासारखी हिरवी. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच, वाटतं पाय सडला. पण तो मुका मार आहे. आपल्याला मार लागला की साकळलेलं रक्त आधी हिरवट आणि मग पिवळं होत जातं, त्या पिवळ्यासाठी जे एन्झाइम लागतं ते कोंबडीकडे जवळजवळ नसतंच, म्हणून तिचा रंग हिरव्यावरच थांबतो. बिलिव्हर्डिन म्हणतात त्या रंगाला. वास नाही, पाणी सुटत नाहीये, बोटं ऊबदार आहेत आणि पंजा मिटतोय, मग काळजी नाही. आठवडाभरात तो रंग गेला.

खायला भिजवलेलं स्टार्टर फीड, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्य, बरोबर उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक. पोटात जातंय की नाही ते गळ्याखाली उजव्या बाजूला बोट लावून कळतं, तिथे दाणे साठायची पिशवी असते. रात्री ती भरलेली लागली पाहिजे आणि सकाळी रिकामी. सकाळीही तशीच फुगलेली असेल तर आत काहीतरी अडकलंय.

औषधाएवढंच महत्त्वाचं म्हणजे एकटं पडू न देणं. एकटं पिल्लू ओरडून ओरडून थकतं, खाणं सोडतं. आधी खोक्यात एक छोटा आरसा ठेवला, त्याला टेकूनच झोपायचं ते. पाचव्या दिवशी त्याचं भावंड आणून जाळीच्या पलीकडे ठेवलं, एकत्र नाही, कारण खपली दिसली की भावंड पण टोचणारच. दोघं जाळीला अंग लावून बसायची.

खपली ओढायची नाही, कितीही सुटत आली तरी. बाराव्या दिवशी ती टॉवेलवर पडलेली सापडली, खाली गुलाबी कातडी. मग त्यावर हे असे काटे आले, निळसर बारीक नळ्या. ही नवीन पिसं. वाढत असताना आत रक्त असतं, तुटली तर वाहतं, म्हणून ती उलगडेपर्यंत पिल्लाला परत कळपात सोडलं नाही.

परत सोडणं हा सगळ्यात नाजूक भाग. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते, नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरूप-एब्बे यांनी हे अभ्यासून मांडलं, १९२१ च्या सुमाराला, लहानपणापासून कोंबड्या बघत आलेला माणूस. महिनाभर बाहेर राहिलेल्या पिल्लाची जागा गेलेली असते, ती नव्याने मिळवावी लागते. म्हणून आधी चार दिवस पिंजरा खुराड्यातच ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, मग अंधार पडल्यावर भावंडासकट आत सोडलं, आणि सकाळी दाण्याची दोन भांडी लांब लांब.

सकाळी त्याच कोंबडीने एक टोचा मारला, पाठीवर. पिल्लू बाजूला झालं. मी जाळीबाहेर उभी, हात कडीवर. ते दुसऱ्या भांड्याकडे गेलं, भावंडाला ढकलून तोंड घातलं, पोटभर खाल्लं, आणि मग तिकडे कोपऱ्यातल्या मातीत आडवं झालं, पाय ताणले, पंखांनी माती अंगावर उडवायला लागलं. मी कडीवरचा हात काढला.