पगार वाढला की भाडं वाढतं. ते वाढलेलं भाडं तुमच्या खात्यात जमा झालं तर?

नमस्कार मंडळी. आज अमेरिकेतल्या एका सरकारी योजनेबद्दल सांगणार आहे. नाव फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी, सगळे एफएसएस म्हणतात. १९९० च्या कायद्यातून सुरू झालेली ही योजना तिथल्या बऱ्याच हक्कदारांपर्यंत अजून पोचलेली नाही, म्हणून हा व्हिडिओ. तुमच्या ओळखीचं कुणी तिकडे सवलतीच्या घरात राहत असेल, तर त्यांना जरूर पाठवा.

आधी अडचण काय आहे ते बघू. आपल्याकडे मुंबईत झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर मालकीचं मिळतं. अमेरिकेत मदत मिळते ती मुख्यतः भाड्यात. कुणी सरकारी इमारतीत राहतं, म्हणजे पब्लिक हाउसिंगमध्ये. कुणाकडे व्हाउचर असतं, ज्याला लोक अजून सेक्शन एट म्हणतात. यात घर खाजगी मालकाचं असतं आणि भाड्याचा मोठा वाटा सरकार भरतं. कुटुंबाने किती भरायचं? ठरलेल्या वजावटी काढून जे उत्पन्न उरतं, त्याच्या साधारण ३० टक्के.

यात एक मोठा दिलासा आहे. नोकरी गेली तरी भाडं उतरतं आणि डोक्यावरचं छप्पर टिकतं. पण पगार वाढला की तोच नियम अंगावर येतो. वाढलेल्या दर डॉलरमधले ३० सेंट भाड्यात जातात. शिवाय उत्पन्न वाढलं म्हणून फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नखरेदीसाठीची सरकारी मदत, कमी होतात, कधी पाळणाघराची सवलतही जाते. अशा वेळी एखादी आई जादा तास नको म्हणाली, तर तिला कृपा करून आळशी म्हणू नका. तिने हिशेब केलेला असतो, आणि तो बरोबर असतो.

एफएसएस नेमका हाच हिशेब बदलते. उदाहरण घेऊ. एक आई, दोन मुलं, वजावटीनंतरचं उत्पन्न महिना १,५०० डॉलर. भाडं ४५०. ती एफएसएसच्या करारावर सही करते. करार पाच वर्षांचा. नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करते, वर्षभरात बरी नोकरी लागते आणि उत्पन्न २,३०० वर जातं. नियमाप्रमाणे भाडं होतं ६९०. ते तिला भरावंच लागतं. मात्र वरचे २४० डॉलर हाउसिंग अथॉरिटी, म्हणजे ही घरांची मदत चालवणारी स्थानिक सरकारी संस्था, दर महिन्याला तिच्या नावाच्या एस्क्रो खात्यात टाकते, म्हणजे अटी पूर्ण होईपर्यंत राखून ठेवलेल्या खात्यात. वर्षाचे झाले २,८८०. उरलेली चार वर्षं असंच चाललं तर ११,५२० डॉलर, व्याज वेगळं. महिन्याच्या खर्चाला चिमटा घेऊन एवढी रक्कम बाजूला टाकणं तिला जन्मात जमलं नसतं.

पैसे हातात यायला अटी आहेत. करारात लिहिलेली उद्दिष्टं पूर्ण हवीत, करार ज्याच्या नावावर आहे त्याला नोकरी हवी, आणि करार संपताना घरात कुणी सरकारकडून रोख वेल्फेअर घेत नसावं. सवलतीचं घर मात्र सोडावं लागत नाही, याबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते. मिळालेली रक्कम कशावर खर्चायची हेही कुटुंबच ठरवतं: कर्ज फेडा, गाडी घ्या, घराचं डाउन पेमेंट करा. अधेमधे शिक्षणासाठी किंवा कामावर जायची गाडी दुरुस्त करायला थोडे पैसे लागले, तर अथॉरिटीच्या मंजुरीने उचलताही येतात.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. या योजनेचा मोठा अभ्यास झाला, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून. योजनेतल्या कुटुंबांची सरासरी कमाई योजनेबाहेरच्यांपेक्षा फारशी वाढलेली दिसली नाही. बरेच जण करार पूर्णच करू शकले नाहीत. मला यात नवल वाटत नाही. खातं उघडल्याने लहान मुलाला सांभाळायला माणूस मिळत नाही, रात्रपाळीला जायला बस मिळत नाही, जुनं क्रेडिट कार्डचं देणं फिटत नाही. ही कामं करायला प्रत्येक कार्यक्रमात कोऑर्डिनेटर असतो, पण त्याच्याकडे कुटुंबं ढीगभर. माझं ठाम मत आहे की पैसा ओतायचा तर इथे ओतावा. महिन्याला फोन करून ‘परीक्षेचं काय झालं, फी भरली का’ एवढं विचारणारा माणूस हवा.

२०२२ च्या नियमांनी एक चांगला बदल केला. करार अर्धवट सुटला तर जमलेले पैसे पूर्वी हाउसिंग अथॉरिटीकडे परत जायचे. आता ते त्याच योजनेतल्या इतर कुटुंबांसाठी वापरावे लागतात.

शेवटी कामाची गोष्ट. प्रत्येक अथॉरिटीकडे एफएसएस नसते, आणि सहभाग ऐच्छिक आहे, त्यामुळे स्वतःहून विचारावं लागतं. आणि नवी नोकरी लागायच्या बेतात असेल तर आधी सही करा. खात्यात जमा होणारी रक्कम करार सुरू होतानाच्या उत्पन्नापासून मोजतात. त्याआधी नोंदवली गेलेली पगारवाढ त्यात धरत नाहीत.