२४ तासांची टीम माउंटन बाइक रेस: लॅपची नाही, मधल्या तीन तासांची तयारी करा

नमस्कार मंडळी! आधी एक किस्सा. पहाटेचे तीन चाळीस झालेत, मी माझी लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, संपवून हँडओव्हरच्या, म्हणजे रायडर बदलायच्या तंबूत शिरलो, हातात पुढच्याला द्यायचा बॅटन, धाप लागलेली, चष्मा चिखलाने भरलेला, आणि समोर आमच्या टीमचं कोणीच नाही. बाकीच्या टीमची माणसं रांगेत उभी, आपापल्या गड्याची वाट बघतायत, आणि मी येड्यासारखा नाव घेऊन ओरडतोय. आमचा पुढचा रायडर कॅम्पमध्ये स्लीपिंग बॅगेत घोरत होता, कारण त्याला उठवायचं काम ज्याच्याकडे होतं तोही आडवा झाला होता. १९ मिनिटं गेली तिथे. आणि त्या आधीचे तीन महिने घाम गाळून मी माझ्या लॅपमधून किती वेळ कमी केला होता माहितेय? अडीच मिनिटं.

तर आजचा व्हिडिओ त्या १९ मिनिटांबद्दल आहे. टीम रेसची तयारी म्हटली की सगळे अडीच मिनिटांच्या मागे लागतात, हलकी चाकं घे, इंटरव्हल मार, म्हणजे थोडा वेळ जोर, थोडा आराम, परत जोर, वगैरे. तेही करायचंय, सांगतो पुढे. पण रेस हातातून जाते ती बहुतेक वेळा सायकलवर नाही, कॅम्पमध्ये.

ज्यांना फॉरमॅट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. चौघांची टीम, एकच ट्रॅक, साधारण तासाभराची लॅप, एका वेळी एकच जण ट्रॅकवर, तो आला की बॅटन पुढच्याला, आणि असं बहुतेक ठिकाणी आज दुपारी १२ ते उद्या दुपारी १२. ही कल्पना १९९२ ची, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये लेअर्ड नाइट या माणसाने '२४ अवर्स ऑफ कनेन' नावाची रेस भरवली, तिथून हे खूळ जगभर पसरलं. आता स्कॉटलंडमध्ये 'स्ट्रॅथपफर' म्हणून रेस होते ती तर ऐन जानेवारीत, म्हणजे २४ पैकी साधारण १७ तास अंधार. हौसेला मोल नसतं, दुसरं काय!

आता हिशोब बघा. चौघं जण, तासाची लॅप, म्हणजे प्रत्येकाला सहा लॅप. वाटतं काय, सहा तासच तर चालवायचीय, मध्ये तीन-तीन तास आराम. हा जो 'आराम' शब्द आहे ना, तोच घात करतो. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. त्यातली १५ कॅम्पवर येऊन ओले कपडे बदलण्यात, २० खाण्यात, २० सायकल धुवून चेनला तेल देऊन ब्रेक बघण्यात. आणि पुढच्या लॅपच्या ४५ मिनिटं आधी उठायलाच हवं, कारण झोपेतून उठल्यावर पहिला अर्धा तास डोकं जागेवर नसतं, आणि हँडओव्हरला दहा-पंधरा मिनिटं आधी जाऊन उभं राहायचंय. मग झोपायला उरली ८० मिनिटं, तीही सगळं सुरळीत झालं तर, आणि सुरळीत काहीच होत नाही, कोणाचा तरी टायर कापला जातो, कोणाची बॅटरी चार्जला लावायची राहते, आणि गप्पा तर असतातच.

म्हणून रात्री डबल लॅप. म्हणजे एकाने सलग दोन लॅप मारायच्या. रात्री १० ते सकाळी ६ हे आठ तास, चौघांना दोन-दोन तास, म्हणजे प्रत्येकाला सलग पाच ते सहा तासांची एक सुट्टी मिळते आणि त्यात खरीखुरी झोप होते. दुसरी लॅप थोडी हळू जाते हे मान्य, पण रात्रीचे हँडओव्हर निम्मे होतात, आणि घोळ हँडओव्हरलाच होतात. मी डबलच्या बाजूचा आहे. फक्त ज्याला दोन तास सलग चालवायची सवय नाही त्याला रेसच्या रात्री पहिल्यांदा करायला लावू नका, हे आधी प्रॅक्टिसमध्ये झालेलं हवं.

क्रम कसा लावायचा? पहिला माणूस असा हवा ज्याला पळता येतं. हो, पळता. बऱ्याच रेसमध्ये सुरुवात धावत होते, सायकली थोड्या लांब ठेवलेल्या असतात, धावत जायचं, सायकल उचलायची आणि निघायचं. पुढे सिंगलट्रॅकच्या, म्हणजे एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटेच्या तोंडाशी गर्दीच गर्दी, तिथे मागे अडकलात की पहिली लॅप रांगेत जाते. काळोखात ज्याचा हात बसलाय त्याला पहाटे दोन ते चारचा स्लॉट द्या, कारण तेव्हा शरीराचं तापमान खाली गेलेलं असतं, झोप डोळ्यांवर, आणि चुका तेव्हाच होतात. टीममधला नवखा असेल त्याला शक्यतो उजेडातल्या लॅप जास्त द्या. त्याला कमी लेखू नका हां, त्याने धडपडून हात मोडला तर उरलेल्या तिघांना त्याच्याही लॅप मारायच्यात.

आता ट्रेनिंग. बारा आठवडे असतील तर बेस, म्हणजे पायाभूत तयारी, सगळ्यांना माहीत असलेलीच, आठवड्यातून एक लांब राइड, तीन ते चार तास, बोलत बोलत चालवता येईल अशा वेगाने, एक दिवस चढावर इंटरव्हल, समजा आठ मिनिटांचे चार, आणि मध्ये भरपूर सोप्या राइड. यावर इंटरनेटवर ढिगाने आहे, मी वेळ घालवत नाही.

मला सांगायचंय ते वेगळं. या रेसमध्ये तुम्ही एकदा थकत नाही, तुम्ही सहा वेळा थंड पडता. तासभर जीव तोडून चालवली, तीन तास बसलात, पाय म्हणजे लाकडाचे ओंडके झाले, आणि मग परत पहिल्याच चढाला जोर. चार तासांची एक राइड करून याची सवय होत नाही. त्यासाठी एक दिवस असा काढायचा: सकाळी सहाला एक तास रेसच्या वेगाने, मग दहाला, मग दुपारी दोनला, आणि मध्ये मुद्दाम खुर्चीत बसून राहायचं. तिसऱ्या वेळी जे वाटतं ना, तेच तुम्हाला रेसच्या पहाटे वाटणारे. असे तीन-चार दिवस त्या बारा आठवड्यांत झाले पाहिजेत, आणि एकदा तरी त्यात पहाटे तीनचा गजर लावून उठायचं. घरातले शिव्या घालतील. घालू द्या.

आणि वेग. पहिल्या लॅपला सगळ्यांच्या अंगात येतं. उदाहरण म्हणून आकडे घेऊ: एकाने लॅप मारल्या ५५, ५७, ६२, ६८, ७२, ७४ मिनिटांच्या. बेरीज ३८८. दुसऱ्याने सहाही लॅप ६१ मिनिटांच्या मारल्या, बेरीज ३६६. ज्याला पहिल्या लॅपला टाळ्या पडल्या तो २२ मिनिटांनी मागे! आणि चौघांनीही तसंच केलं तर ८८ मिनिटं, म्हणजे अख्खी एक लॅप आणि वर थोडं. त्यामुळे पहिली लॅप संपवून आलात आणि वाटलं की अजून थोडी जोरात मारता आली असती, तर समजा बरोबर मारलीत.

दिवे. यावर थोडा थांबतो, कारण लोक इथे पैसे घालतात आणि तरी आपटतात. दोन दिवे लागतात, एक हँडलबारवर, एक हेल्मेटवर. का? हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या जवळ असतो, त्यामुळे दगडाची सावली दगडाच्या मागेच लपते आणि ट्रॅक सगळा सपाट दिसतो, खड्डा की नुसता डाग कळत नाही. हँडलबारचा दिवा खालून पडतो म्हणून सावल्या लांब पडतात, मुळं, दगड उठून दिसतात. पण तो वळणावर सरळच बघत राहतो, तुम्ही डावीकडे वळताय आणि उजेड समोरच्या झाडावर! तिथे हेल्मेटचा कामाला येतो. साधारण बारवर हजार लुमेन आणि डोक्यावर सातशे, एवढं पुरतं. चढावर लो, उतारावर हाय, ही सवय बोटांना आधीच लावा. आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका, घरी दिवा लावून घड्याळ बघा किती चालतो, त्यातही थंडीत बॅटरी लवकर मान टाकते.

सायकलीबद्दल फार नाही बोलत. ट्यूबलेस टायर असेल तर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, सुकलंय का बघा, काही महिन्यांत ते सुकतं आणि लोकांना वाटतं अजून आत आहे. चिखल असेल तर ब्रेक पॅडचा नवा सेट जवळ ठेवाच, रेझिनचे पॅड ओल्या वाळूत एका रात्रीत संपू शकतात, सिंटर्ड, म्हणजे धातूचे, जास्त टिकतात, आवाज करतात तो सहन करा. एक गोष्ट मात्र जवळपास सगळे विसरतात, मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला ज्यावर टांगतात तो छोटा तुकडा. तो बऱ्याच फ्रेमचा वेगळा असतो, त्यामुळे चार सायकली असतील तर चार वेगळे हँगर लागू शकतात, शेजारच्या टीमकडे मागून मिळेल ही आशा नको. चेन जोडायची कडी, म्हणजे क्विकलिंक, तीही ११ स्पीडची (मागे ११ गिअर) १२ स्पीडला चालत नाही. आणि जमलं तर चौघांनी बुटाला अडकणारी पेडल एकाच सिस्टिमची लावा. मग एकाची सायकल मोडली तरी दुसऱ्याची घेऊन जाता येतं, सीटपोस्टवर चौघांच्या उंचीच्या खुणा चार रंगांच्या टेपने करून ठेवायच्या, झालं.

खाणं म्हणजे चालवताना तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, पोटाला सवय असेल तर ९० पर्यंत. लॅप संपल्यावर पहिल्या तासात वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम, म्हणजे ७० किलोचा माणूस असेल तर ७० ग्रॅम, आणि हे भूक नसताना खायचंय. भूक लागेल तेव्हा खाऊ म्हणणारा मध्यरात्री संपतो. चौथ्या लॅपनंतर गोड बघूनच मळमळतं, एनर्जी जेल तर नकोच वाटतं, तेव्हा मीठ लावलेले उकडलेले बटाटे, गरम सूप, साधा भात असलं काहीतरी खारट किंवा साधं हवं. कॉफीचं असंय की तिचा निम्मा असर पाच-एक तासांनीही शरीरात असतो, म्हणून संध्याकाळी उगाच कप रिचवू नका, पुढची झोप जाईल. पहाटेच्या लॅपसाठी राखून ठेवा. एक युक्ती: कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटायचे, कॅफिनला चढायला तेवढा वेळ लागतोच, उठाल तेव्हा दोन्हींचा फायदा.

कपडे! प्रत्येक लॅपला कोरडी पॅडेड शॉर्ट. निदान तीन-चार तरी हव्यात. ओल्या पॅडवर बसून राहिलात तर सॅडलवर काय हाल होतात ते कॅमेऱ्यावर सांगत नाही. एकेका लॅपचे कपडे एकेका प्लास्टिकच्या पिशवीत, वर मार्करने नंबर, कारण रात्री दोनला हेडलॅम्प लावून मोजे शोधणारा माणूस हा सगळ्यात केविलवाणा माणूस असतो. आणि आल्या आल्या बदला, आधी गप्पा नाहीत.

आता परत त्या १९ मिनिटांकडे. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पाचवा माणूस आणला, जो सायकल चालवत नाही, त्याचं काम घड्याळ, गजर, चूल आणि बोर्ड. हा बोर्ड बघा, साधा पांढरा. नाव, निघाल्याची वेळ, येण्याचा अंदाज, पुढच्याला उठवायची वेळ. बस. आणि उठवणं म्हणजे तंबूबाहेरून हाक मारणं नव्हे, माणूस उठून बसला, पाय बाहेर काढले, हातात कप दिला, मगच बोर्डावर टिक. टीममध्ये पाचव्याला सगळ्यात जास्त मान द्या, तो रुसला तर रेस संपली.

दुसरं म्हणजे उशिराचा नियम आधी ठरवला. अंदाजापेक्षा वीस मिनिटं उशीर झाला तर पाचव्याने आयोजकांच्या टेबलवर जाऊन सांगायचं. पुढच्या रायडरने हँडओव्हरचा तंबू सोडून शोधायला जायचं नाही, कारण नेमका तेव्हाच तो येतो आणि परत तेच, हातात बॅटन आणि समोर कोणी नाही. सायकल मोडली तर ढकलत आणायची का, बॅटन दुसऱ्याने जाऊन आणला तर चालतो का, हे प्रत्येक रेसला वेगळं असतं, नियमांचा कागद चौघांनीही वाचा, एकट्या कॅप्टनने नाही.

ट्रॅकवर एक विनंती. तुम्हाला वाटेत सोलो रायडर भेटतील, जे एकटेच २४ तास चालवतायत. तुम्ही ताज्या पायांनी येता, त्यांच्या मागे जाऊन ओरडू नका. लांबूनच 'उजवीकडून येतोय, जागा मिळेल तिथे' एवढं सांगा, थांबा दोन सेकंद, आणि जाताना एखादा चांगला शब्द टाका. पहाटे चारला त्यांना तेवढाच आधार असतो.

आणि शेवटची लॅप. साडेअकराला तुमचा माणूस आला, बारा वाजता रेस संपतेय, मग पुढच्याला सोडायचं की नाही? काही ठिकाणी बाराच्या आत सुरू झालेली लॅप मोजतात, काही ठिकाणी बाराच्या आत संपलेलीच. हे रविवारी सकाळी साडेअकराला, सगळ्यांचे डोळे लाल असताना, कोणालाच आठवत नाही. म्हणून आमच्या बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात शुक्रवारीच लाल मार्करने एक वेळ लिहिलेली असते, ती उलटून गेली की हेल्मेट काढायचं, आणि त्याच्या आत माणूस आला तर पुढचा कितीही कुरकुरला तरी त्याला ढकलायचं.